खाली नाव, गाव, तालुका

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे गाव कन्हेरी, तालुका बारामती. बाहेरच्या माणसांच्या कानावर आमच्या गावाचे नाव पडते ते बहुधा निवडणुकीच्या दिवसांत. १९६७ मध्ये शरद पवार बारामतीतून पहिल्यांदा विधानसभेवर निवडून गेले. पुढे पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढे फोडायचा, अशी रीतच पडून गेली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत त्या कुटुंबात दोन बाजू झाल्या, तेव्हा दोन्ही बाजूंनी याच मारुतीला साकडे घातले. मारुतीने कोणाचे ऐकले, हा विषय गावाला पुढे बरेच दिवस पुरला.

आजचा माझा विषय मात्र नारळाचा नाही. देवळापुढे बसून गावाने इतकी वर्षे जी मते मांडली, त्यांचे पुढे काय झाले, हा आहे. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली झटकणे, बांधणे आणि मागेल त्याला काढून देणे हे माझे काम. त्या फायली चाळताना अग्रलेखाच्या आसपास एक कोपरा मला नेहमी खुणावायचा. वाचकांच्या पत्रांचा. मोठ्या माणसांचा इतिहास अग्रलेखात सापडतो. पण एसटी वेळेवर न आल्याने चिडलेल्या माणसाचा इतिहास शोधायचा तर त्याच कोपऱ्यात जावे लागते.

माझ्या लहानपणी गावात वर्तमानपत्र यायचे ते बारामतीहून येणाऱ्या एसटीने. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, सातवी फायनल झालेले. ते मोठ्याने वाचायचे आणि भोवती दहा-पंधरा माणसे ऐकत बसायची. वाचनाचा क्रम ठरलेला असे. आधी पावसाची आणि उसाच्या भावाची बातमी, मग मुंबई-दिल्लीचे राजकारण, मग महाराष्ट्र केसरीची कुस्ती किंवा क्रिकेट. सगळ्यात शेवटी वाचकांची पत्रे. गंमत अशी, की मंत्र्याचे भाषण ऐकताना जांभया देणारी माणसे पत्रे सुरू झाली की सरसावून बसायची. "कुठला हाय म्हनं गडी?" हा पहिला प्रश्न असे. पत्र काय म्हणते ते नंतर. लिहिणारा कुठल्या गावचा, ते आधी. दादा मग पत्राखालची ओळ दोनदा वाचायचे. नाव, गाव, तालुका.

ही ओळ मराठी वर्तमानपत्रात कशी आली, याची गोष्ट मोठी रंजक आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. वाचणारे मोजके, विकत घेणारे त्याहून मोजके. तरीही त्यात वाचकांची पत्रे येत. म्हणजे मराठी माणसाला वर्तमानपत्र हाती आले आणि लगोलग त्याला उत्तर द्यावेसे वाटले. कीर्तनात किंवा पुराणात श्रोत्याने मान डोलवायची असते. इथे मात्र श्रोत्यालाही दोन शब्द बोलायची मुभा होती. ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. त्या काळी ती साधी नव्हती.

या मुभेचा सगळ्यात मोठा उपयोग केला तो एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने. भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' हे साप्ताहिक मुंबईहून निघत असे. १८४८ पासून त्यात 'लोकहितवादी' अशा सहीची पत्रे येऊ लागली. १८५० पर्यंत ती शंभराच्या वर गेली. हीच पुढे गाजलेली शतपत्रे. आपला समाज का मागे पडला, विद्या मूठभरांच्या हाती का राहिली, बायकांना हे भोग का, असे प्रश्न त्याने आपल्याच माणसांना इतक्या रोखठोक भाषेत विचारले, की आजही ती पाने वाचताना कान गरम होतात. लिहिणारे होते गोपाळ हरी देशमुख. सरकारी नोकरीतले, पुण्याच्या ब्राह्मण घरातले. खरे नाव घालून लिहिणे त्यांना किती परवडले असते, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले. मराठीतले सगळ्यात गाजलेले वाचकपत्र निनावी होते, हे लक्षात ठेवा. या गोष्टीकडे मी परत येणार आहे.

यानंतर काही वर्षांतच, १८५५ मध्ये, 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो लिहिला होता जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या जेमतेम चौदा वर्षांच्या मुलीने. एका बाजूला जाणत्या, शिकलेल्या पुरुषाने नाव झाकून लिहिलेले. दुसऱ्या बाजूला जिला गमावण्यासारखे काहीच ठेवले नव्हते, अशा मुलीचे नाव आजवर टिकलेले. मी कोणाला कमी लेखत नाही. धाडस करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते आणि ती प्रत्येकाला वेगळी पडते, एवढेच मला दिसते.

पण ज्यांना अक्षरच येत नव्हते त्यांच्या मताचे काय? याचे उत्तर आमच्याच तालुक्यात आहे. सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात येते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथे आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, गहाणखते, वह्या. ते हाती लागतील तसे रस्त्यावर आणून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

त्यामागची कारणे एका दिवसाची नव्हती. शेजारच्या इंदापूर तालुक्यातच १८३६ च्या सुमारास इंग्रजांनी नव्या पद्धतीची जमीनमोजणी करून सारा ठरवला होता. तीस वर्षांनी त्याची फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुन्या कर्जासाठी कोर्टाची पायरी चढला. शेतकऱ्याने अंगठा कशावर उठवला हे त्याला वाचता येत नव्हते, आणि त्याचे म्हणणे कुणी लिहून घेत नव्हते. सरकारने पुढे आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा केला. आयोगाचे जाड अहवाल ग्रंथालयात हाताळताना माझ्या मनात हटकून एक विचार यायचा. हे सगळे म्हणणे आधीच कुठेतरी छापून आले असते आणि कुणीतरी मनावर घेतले असते, तर सुप्याच्या बाजारात त्या दिवशी फक्त भाजी विकली गेली असती.

दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले. शेतकरी-कामकऱ्यांचे म्हणणे मांडणारे ते वर्तमानपत्र. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालवले, तेही पुण्या-मुंबईहून नव्हे, तर नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. खेड्यात छापखाना आणि खेड्यातच वाचक! ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले. ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांचे पत्र, हे त्याच्या नावातच होते.

आता कुणी म्हणेल, ही सगळी गंभीर माणसे. सामान्य वाचक तर क्रिकेटवर वाद घालतो. तर क्रिकेटचेच घेऊ. पळवणकर बाळू हे पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदान राखण्याचे काम करत गोलंदाजी शिकले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही ते चांभार समाजातले म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना वगळल्यावर त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायचे नाकारले आणि आपली बाजू वर्तमानपत्रातून लोकांसमोर मांडली. जो प्रश्न जिमखान्याच्या बंद खोलीत मिटवला गेला असता, तो चारचौघांत आला. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यामागे इतरही कारणे होती. पण नावानिशी छापलेला शब्द खेळाच्या मैदानातही काय करू शकतो, हे त्यातून दिसले.

१ जानेवारी १९३२ रोजी डॉ. ना. भि. परुळेकरांनी पुण्यात 'सकाळ' काढला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या संपादकाने गावोगावच्या लहान बातम्यांना मोठा मान दिला. पाण्याचा नळ, बाजारभाव, गावची जत्रा हे सगळे बातमीत आले, आणि जिथे गावची बातमी आली तिथे गावचे पत्रही आले. स्वातंत्र्यानंतर तर हा कोपरा प्रत्येक पत्राचा लाडका झाला. 'लोकसत्ते'चे 'लोकमानस' आणि 'महाराष्ट्र टाइम्स'चे 'बहुतांची अंतरे' ही सदरे अनेक घरांत अग्रलेखाच्या आधी वाचली जात. मुंबईत तर अशी पत्रे लिहिणाऱ्यांचा वृत्तपत्र लेखक संघ आहे. पगार नाही, मानधन नाही, स्वतःचे पोस्टकार्ड आणि स्वतःची शाई. तरी त्यांना 'लेखक' म्हणवून घेण्याचा अधिकार आहे, असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा मी बरीच वर्षे विचार केला आहे.

१९७२ चा दुष्काळ. विहिरी तळाला गेल्या, दावणी रिकाम्या झाल्या. पाझर तलावाचे आणि रस्त्याचे काम निघाले तशी गावातली निम्मीअधिक माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला जाऊ लागली. माझे आई-वडीलही होते. दुपारी सुकडी मिळायची. पण एका कामावर मजुरीचे वाटप सारखे लांबत होते. मस्टरवर अंगठे होत, पैसे येत नसत. विचारायला गेले की "वरून आलं नाही" असे उत्तर.

दादांनी एका रात्री कंदिलाच्या उजेडात पोस्टकार्ड लिहिले आणि बारामतीला जाऊन पेटीत टाकले. दहा-बारा दिवसांनी ते छापून आले. चारच ओळी होत्या. त्यातले एक वाक्य दादांच्या नेहमीच्या बोलण्यातले होते: हप्ता चुकला तरी पोट चुकत नाही. खाली सही होती, 'एक दुष्काळग्रस्त, कन्हेरी'. त्या दिवशी देवळापुढे दादांनीच ते पत्र मोठ्याने वाचून दाखवले, आणि वाचताना आवाजात काहीही येऊ दिले नाही.

आठवड्यात मजुरी वाटली गेली. लोक खूश झाले. पण कामावरच्या मंडळींनी हे पत्र कोणाचे, याचा शोध सुरू केला. गावात लिहिणारे किती? बोटावर मोजण्याइतके. संशय गेला तो आमच्या शाळेतल्या गुरुजींवर. साऱ्या गावाची पत्रे, अर्ज, मनिऑर्डरी तेच लिहून द्यायचे, आणि मजुरीविषयी ते एकदा चारचौघांत बोललेही होते. त्यांना बोलावून दम दिला गेला. गुरुजींनी "मी लिहिलेलं नाही" एवढेच सांगितले. त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, आणि झाली तीही अगदी लांब. बदलीचे कारण पत्र हेच होते असे कुठल्या कागदावर नव्हते. पण गावाने ते तसेच धरले, आणि दादांनीही.

गुरुजी निघायच्या आदल्या रात्री दादा मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेले. मी दहा वर्षांचा असेन. खोलीत दोन ट्रंका आणि वळकटी बांधून ठेवली होती. दादा बराच वेळ पावसापाण्याचे बोलत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, ते पत्र माझं होतं."

गुरुजी म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. 'पोट चुकत नाही' असं तुमच्याशिवाय कोण म्हणतं?"

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"विचारलं होतं मी लिहिलं का. कुणी लिहिलं, असं विचारलं नव्हतं." आणि थोडे थांबून ते म्हणाले, "पुढच्या वेळी खाली नाव घाला. आपण नाव घातलं नाही की लोक दुसऱ्याचं घालतात."

परत येताना दादा वाटभर एक शब्द बोलले नाहीत.

लोकहितवादींच्या टोपणनावाकडे मी परत येणार, असे म्हणालो होतो ते यासाठी. निनावी लिहिणे म्हणजे भित्रेपणा, असे मी कधीच म्हणणार नाही. टोपणनाव नसते तर कदाचित शतपत्रे झालीच नसती. ज्याच्या घरची चूल दुसऱ्याच्या मर्जीवर पेटते, त्याने नाव झाकले तर त्याला दोष देणारे आपण कोण? म्हणून तर वर्तमानपत्रांनी चांगली प्रथा पाडली: नाव छापू नका म्हणालात तर छापणार नाही, पण संपादकाला कळवा. म्हणजे जबाबदारी घेणारे कुणीतरी असते. संपादकाला त्याची किती झळ पोचू शकते, हे टिळक-आगरकरांनी १८८२ मध्येच अनुभवले होते. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध जी पत्रे खरी समजून त्यांनी छापली, ती बनावट निघाली, आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. झाकलेल्या नावाचा भार कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर जातोच. आमच्या गावात तो गुरुजींच्या खांद्यावर गेला.

त्यानंतर दादांनी निनावी पत्र कधी लिहिले नाही. त्यांच्या लोखंडी पेटीत मला २३ कात्रणे सापडली. त्यांतली नऊ एसटीविषयी आहेत. चार क्रिकेटविषयी, त्यांतल्या एका पत्रात, रेडिओवर बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकून आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनाही 'स्लिप' आणि 'गली' कळू लागल्याचे लिहिले आहे. बाकीची वीज, पाणी, उसाचा भाव आणि निवडणुकांची. १९७५ च्या जूनपासून १९७७ च्या मार्चपर्यंतचे एकही कात्रण नाही. आणीबाणी होती, छापण्याआधी मजकूर तपासला जात होता. दादांनी त्या काळात पत्रे लिहिली होती. त्यांच्या नकला वहीत आहेत. ती छापून आली नाहीत. पण वहीतल्या प्रत्येक नकलेखाली पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेले आहे. छापून येणार नाही हे ठाऊक असतानाही.

त्या पेटीत माझ्या आईचे एकही पत्र नाही. दादांबरोबर तिनेही खडी फोडली होती, तिचीही मजुरी थकली होती. पण पत्र लिहायचे ते पुरुषांनी, असेच घरात धरलेले होते. मुक्ता साळवेनंतर सव्वाशे वर्षांनीही आमच्या घरात ती परिस्थिती होती, हे मला सांगितलेच पाहिजे. आईचे नाव घराबाहेर एकदाच गेले, आणि ते याच आकाशवाणीवरून. 'आपली आवड'मध्ये तिच्या पसंतीचे गाणे लागले, आणि निवेदकाने तिचे नाव आणि पुढे 'कन्हेरी' असे वाचले. गाणे कुठले होते ते ती नंतर विसरून गेली. नाव वाचले तेव्हा हातात काय काम होते, ते मात्र तिला शेवटपर्यंत आठवत होते. ती ज्वारी पाखडत होती.

आता मते मांडायला पोस्टकार्ड लागत नाही. खिशातल्या मोबाईलवर क्षणात मत देता येते, आणि ते कन्हेरीहून कॅलिफोर्नियाला पोचते. मला यात वाईट काही दिसत नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला असे साधन मिळाले असते तर? पण हातात आलेल्या मजकुराखाली नाव नसते, तेव्हा मी अजून अस्वस्थ होतो. हे कोणी लिहिले, आणि यासाठी उद्या कोणाची ट्रंक बांधली जाईल, असा प्रश्न मनात येतो.

गेल्या निवडणुकीनंतर मी गावी गेलो होतो. देवळापुढे चार पोरे तावातावाने बोलत होती. त्यांतल्या एकाने मोबाईलवर आलेले काहीतरी वाचून दाखवले. बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याने डोळे किलकिले करून विचारले, "कुठला हाय म्हनं गडी?"

पोराने स्क्रीन वर-खाली करून पाहिली. खाली काहीच नव्हते.